गावची गाडी, पहिल्या तासासाठी

(म्हसावद, ता. शहादा येथे मृगाच्या तोंडावर झालेल्या शेतकरी बैठकीतील भाषणाचा मजकूर)



आज कापसाच्या भावावर बोलायचं नाही असं ठरवून मी उभा राहिलो आहे. त्यासाठी सगळं वर्ष पडलं आहे. मृग तोंडावर आला. पेरण्या होतील, कपाशी गुडघ्याला लागेल, पंप पाठीवर चढतील, बांधावरचं गवत वाढेल आणि त्या गवतात आपल्या आधी साप जाऊन बसेल. दर पावसाळ्यात आपल्यातली काही माणसं शेतातून घरी परतत नाहीत. सगळीच काही नशिबानं जात नाहीत. काही वाटेपायी जातात. म्हणजे औषध दवाखान्यात असतं, डॉक्टर खुर्चीवर असतो, आणि माणूस दोन शेतांच्या मधल्या गाऱ्यात अडकलेला असतो. त्या मधल्या वाटेबद्दल आणि ती वाट तोडणाऱ्या गाडीबद्दल मला बोलायचं आहे.

म्हसावदची जागाच अशी आहे. खाली तापीकाठापर्यंत काळी जमीन, वर राणीपूरवरून तोरणमाळला चढणारा घाट. इथे ग्रामीण रुग्णालय आहे, शहाद्याला दवाखाने आहेत, नंदुरबारला जिल्हा रुग्णालय आहे. १ जुलै १९९८ ला धुळ्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला, त्याला पाव शतक उलटून गेलं. कागदावर अंतर कमी झालं. शिवारातलं अंतर मात्र कागदावर नसतं. वैशाखात दहा मिनिटांची असलेली गाडवाट श्रावणात तासाची होते, आणि भादव्यातल्या एखाद्या रात्री वाटच राहत नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये चांदसैली घाटात दरड कोसळून रस्ता बंद झाला, तेव्हा एका म्हाताऱ्या नवऱ्यानं आजारी बायकोला खांद्यावर घेऊन दवाखान्याची वाट धरली. ती वाचली नाही. ही बातमी आपण सगळ्यांनी वाचली, हळहळलो, आणि पान उलटलं.

आता कोणी म्हणेल, १०८ आहे की! आहे, आणि ती चांगली गोष्ट आहे. जानेवारी २०१४ मध्ये महाराष्ट्रात ही सेवा सुरू झाली ती ९३७ गाड्यांची; त्यांतल्या २३३ मोठ्या यंत्रसामग्रीच्या, ७०४ साध्या. फोन फुकट, गाडी फुकट, सोबत डॉक्टर. बाळंतिणीसाठी १०२ वेगळी. पण ती गाडी लांब, उंच, जड आणि डांबरावर चालण्यासाठी केलेली. तिला तुमच्या कपाशीच्या बांधापर्यंत ये म्हणणं म्हणजे लग्नाचा घोडा नांगराला जुंपणं. दोष घोड्याचाही नाही आणि नांगराचाही नाही.

हिशेब मांडू. समजा पाडा डांबरी रस्त्यापासून १२ किलोमीटर आत आहे. चिखलात गाडी ताशी १५ किलोमीटरच्या वर चालत नाही. म्हणजे आत यायला ४८ मिनिटं आणि बाहेर पडायला ४८ मिनिटं. ही ९६ मिनिटं, १०८ फाट्यावर येऊन पोचल्यानंतरची. तेच गावातली गाडी माणसाला घेऊन निघाली, तर ४८ मिनिटांत माणूस डांबरावर. आणि तेवढ्या वेळात १०८ तिकडून येऊन फाट्यावर उभी. दोन गाड्या एकमेकींकडे चालल्या म्हणून ४८ मिनिटं वाचली. एवढा वेळ कुठलंही यंत्र विकत घेऊन वाचत नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली तेव्हा जबर इजेनंतरच्या पहिल्या एका तासाला ‘सुवर्ण तास’ असं नाव कायद्यातच दिलं गेलं. आपल्याकडे तो तास बहुतेक वेळा गाडी कुणाची, चावी कुणाकडे, डिझेल आहे का, यातच जातो.

हे नुसतं माझं तर्कट नाही. पूर्व नेपाळच्या तराईत दमक नावाचं गाव आहे. तिथली जमीनही शेतीची, सापही आपल्यासारखेच. २००३-०४ च्या सुमारास तिथल्या काही गावांत स्वयंसेवकांच्या मोटारसायकली तयार ठेवल्या. साप चावला की चालवणारा पुढे, रुग्ण मध्ये, मागून धरणारा एक, आणि थेट उपचार केंद्र. जोडीला गावोगाव समजावून सांगितलं. आधी साप चावलेल्या दर १०० माणसांत दहाच्या वर दगावत होती. नंतर ते प्रमाण शंभरात एकाच्याही खाली आलं. तिकडे कोणी नवं औषध शोधलं नव्हतं. जलपाईगुडीचे करीमुल हक, चहाच्या मळ्यातले कामगार, आईला वेळेवर दवाखान्यात नेता आलं नाही म्हणून स्वतःच्या मोटारसायकलवर रुग्ण न्यायला लागले. त्यांना २०१७ साली पद्मश्री मिळाली. आपल्याच अक्कलकुव्यात नर्मदेकाठी गाडीच संपते. चिमलखेडीच्या अंगणवाडी सेविका रेलू वसावे २०२० मध्ये पोषण आहार घेऊन पाण्यापलीकडच्या पाड्यांवर होडी वल्हवत जात. ज्याला जे वाहन चालतं, ते त्यानं कामाला लावलं.

आपल्याला काय चालतं? जीप. नवी घेण्याचं बोलू नका. शहादा-तळोद्याच्या कुठल्याही गावात एखादी क्रूझर, एखादी बोलेरो, एखादी जुनी कमांडर असतेच. पुण्याच्या बजाज टेम्पोनं ट्रॅक्स काढली, ती कंपनी २००५ पासून फोर्स मोटर्स झाली. महिंद्रानं १९४७ पासून इथे जीप जोडायला घेतल्या. मूळची ती लष्करी जीप, आणि दुसऱ्या महायुद्धात तिच्यावर लोखंडी चौकट बसवून जखमी सैनिक आडवे नेले जात. म्हणजे हे काम तिला नवं नाही. तिच्यावर वरात, ऊसतोडीचे मजूर आणि बाजाराची गर्दी लादायला आपण नंतर सुरुवात केली.

फोर बाय फोर असली तर उत्तम. पण एक गोष्ट डोक्यात ठेवा. आपली काळी माती पाणी पिऊन फुगते आणि चाकाला चिकटते. टायरच्या खाचा भरल्या की चार चाकांना जोर दिला तरी चारही जागच्या जागी फिरतात. मग गुळगुळीत टायरची फोर बाय फोर आणि चांगल्या खाचांच्या टायरची साधी गाडी यांत मी साधी गाडी निवडीन. मागचे दोन टायर पावसाळ्याआधी बदला. पैसे तिथे घाला. पुढे दिवे लावायला, बंपरला नळ्या जोडायला नंतर बघू. त्या नळ्यांचं वजन पुढच्या चाकांवर येतं आणि गाऱ्यात तेच आधी रुततं.

चिखलात शिरण्याआधी टायरची हवा तिसरा हिस्सा कमी करायची, म्हणजे टायर पसरतो आणि जमीन जास्त धरतो. डांबरावर येताच पुन्हा भरायची, नाहीतर टायर तापून फुटतो. म्हणून हवेचा पंप गाडीतच हवा. पायाचा असला तरी चालेल, बॅटरीवरचा असला तर बरं. दोन फळ्या, चार फूट लांब, एक फूट रुंद, बाभळीच्या. चाक फसलं तर चाकाखाली, जॅक लावायचा तर जॅकखाली. काळ्या जमिनीत फळीशिवाय जॅक लावला की गाडी वर येत नाही, जॅक खाली जातो. फळ्या नसतील तर पऱ्हाट्यांचा भारा. आपल्या शिवारात त्याला तोटा नाही. फावडं, पहार, कोयता, कुऱ्हाड. वाऱ्यात बाभळ रस्त्यावर आडवी पडली तर कुऱ्हाडीवाचून सगळं अडून बसतं.

टोचनचा दोर नायलॉनचा पट्टा असावा. विहिरीवरची जुनी तार किंवा साखळी वापरू नका. ताणात तार तुटली तर ती मागे येते ती उभ्या माणसाला कापत येते. दोर बंपरला बांधायचा नाही; चेसिसला पुढे-मागे हुक जोडून घ्या, चांगल्या वेल्डरकडून. ओढत असताना दोराच्या दोन्ही बाजूंना कोणी उभं राहायचं नाही, पोरांना तर लांब घालवा. बंपरवरचं विंच आणायचं काही तरुणांच्या मनात आहे. विंच चांगलंच. पण त्याच्या किमतीत टायर, फळ्या, पट्टा, स्ट्रेचर सगळं येऊन पैसे उरतील. चार खेड्यांत मिळून एक चेनकुप्पी असली की माझ्या मते भागतं. आणि गावात ट्रॅक्टर आहेच. कुणाचा ट्रॅक्टर कुठल्या रस्त्याला जवळ, हे ड्रायव्हरला पाठ हवं.

पाण्याबद्दल एकदाच सांगतो आणि जरा कडक सांगतो. फरशीवरून पाणी वाहत असेल तर थांबायचं. फूटभर वाहतं पाणी लहान गाडी हलवतं, दोन फूट पाणी बहुतेक गाड्या उचलून नेतं. गाडी उंच आहे, फोर बाय फोर आहे, हे गोमाईला कळत नाही. एक घनमीटर पाण्याचं वजन एक टन. गाडीच्या बाजूवर किती पाणी आदळतं याचा हिशेब घरी करा. थांबलेलं पाणी असेल तर एकानं काठी घेऊन आधी चालत जायचं, तळ चाचपायचा, मगच गाडी. एका रुग्णासाठी निघालेल्या गाडीतून पाच माणसं वाहून गेली तर काय बोलायचं?

आता गाडीच्या आतलं. खरी अडचण इथे आहे, आणि इथेच आपण कमी विचार करतो.

माणूस आडवा मावला पाहिजे. आपण आजवर रुग्णाला मागच्या बाकावर दोघांच्या मध्ये बसवून नेत आलो. शुद्ध हरपलेला माणूस बसवला की मान पुढे पडते, हनुवटी छातीला लागते, जीभ मागे सरते आणि श्वासाची वाट बंद होते. दोन्हीकडून धरणाऱ्यांना वाटतं, शांत झोपलाय. झोळीचंही तेच. डोंगरातल्या बांबूच्या झोळीला पेपरवाले ‘बांबूलन्स’ म्हणतात. ज्या माणसांनी खांद्यावर झोळी घेऊन दरी उतरून जीव वाचवले त्यांच्यापुढे मी हात जोडतो. पण झोळीत माणूस धनुष्यासारखा वाकतो. पाठीच्या कण्याला मार असेल तर ते वाकणं त्याला जन्माचं अधू करील. त्यापेक्षा आपली खाट बरी. खाटेवर पाठ तेवढी वाकत नाही. त्याहून बरं म्हणजे दोन आठ-फुटी बांबू, तळाचे दोन्ही कोपरे कापलेली तीन जाड पोती त्यांत ओवलेली, आणि बांबू एकमेकांजवळ येऊ नयेत म्हणून दोन्ही टोकांना आडव्या पट्ट्या. हे घरी होतं. वर जाड प्लायवूडची साडेपाच-सहा फुटी फळी बांधली की कण्याच्या रुग्णालाही चालतं.

क्रूझरमध्ये मागे समोरासमोर बाकं असतात. एका बाजूचं बाक काढता येईल असं नटबोल्टवर करून घ्या. गरज पडली की दोन पान्यांनी पाच मिनिटांत बाक बाहेर. तळाला चार कड्या, कड्यांत पट्टे, पट्ट्यांत स्ट्रेचर. कड्या नसतील तर पहिल्याच खड्ड्यात स्ट्रेचर उडतं. दुसऱ्या बाकावर एक माणूस रुग्णाच्या डोक्याशी बसला पाहिजे आणि त्याचं काम एकच, श्वास चालू आहे का ते बघणं. नातेवाईक एकच. बाकीच्यांनी मोटारसायकलवर मागून यावं. आपल्याकडे गाडीत रुग्ण एक आणि रडणारे नऊ असतात. त्या नवांचं वजन पाच-साडेपाचशे किलो, आणि ते वजन गाडी रुतवतं.

डोकं पुढे, पाय मागच्या दाराकडे. घाट उतरताना अशानं डोकं खाली जातं, म्हणून डोक्याकडची बाजू गोधडी घालून थोडी उचलायची. उलटी होत असेल, शुद्ध नसेल, तर डाव्या कुशीवर. जीप छोटी असेल आणि मागे लांबी पुरत नसेल, तर ड्रायव्हरशेजारच्या सीटची पाठ सपाट होईल अशी करून घ्या आणि फळी मागून पुढपर्यंत न्या. हे बदल नटबोल्टचे, काढता-घालता येणारे ठेवा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीच्या मूळ रचनेत मनाला येईल तसा बदल करता येत नाही, आणि उद्या विमेवाला त्यावरच बोट ठेवील. शिवाय ही गाडी बाकीचे दिवस धंदा करणार आहे. जिचा धंदा बंद होतो ती गाडी सहा महिन्यांत शेडमध्ये कोंबड्यांचं घर होते.

पेटीत काय ठेवायचं? आपल्या शिवारात काय घडतं त्यावरून ठरवा.

पहिली फवारणी. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २० च्या वर माणसं गेली, शेकडो दवाखान्यात पडली. त्यांत मजूर होते, लहान शेतकरी होते. डोक्याच्या वर वाढलेल्या कपाशीत औषध अंगावर येतं, घामात मिसळतं आणि कातडीतून आत जातं. ऑर्गॅनोफॉस्फरस गटातल्या औषधाची बाधा ओळखायची तर घाम, लाळ, डोळ्यांतून पाणी, बाहुली टाचणीच्या डोक्याएवढी, उलटी, जुलाब, छातीत घरघर, अंगाला थरथर. असा माणूस तसाच कपड्यांसकट गाडीत घातला तर विष सोबत चाललं आहे आणि दर मिनिटाला आत शिरतं आहे. श्वास ठीक असेल तर आधी कपडे उतरवा, साबण लावून पाण्यानं धुवा, केसही धुवा, आणि जुनी लुंगी किंवा पातळ गुंडाळून मग गाडीत. म्हणून गाडीत २० लिटरची पाण्याची कॅन, साबण, दोन जुनी धुतलेली पातळं. धुणाऱ्यानं हातात प्लॅस्टिकच्या पिशव्या घालायच्या, गाडीच्या काचा उघड्या ठेवायच्या. मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका, दूध-तूप पाजू नका. ते श्वासनळीत गेलं तर विषाआधी तेच मारील. औषधाची बाटली, निदान लेबल, सोबत घ्या. डॉक्टरला कुठल्या गटाचं औषध हे कळलं की अट्रोपिन द्यायचं की नाही ते लगेच ठरतं.

दुसरा साप. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, या चौघांवर एकच प्रतिविष चालतं. आपल्याकडे मुंबईच्या हाफकिनमध्येही ते बनतं. पण ते गाडीत ठेवायचं नाही. त्याची उलटी प्रतिक्रिया येऊन माणूस टेबलावरच कोसळू शकतो, म्हणून ते डॉक्टरच्या हातीच. गाडीत हव्यात बांबूच्या दोन पट्ट्या आणि रुंद फडकी. चावलेला हात-पाय मोडलेल्या हाडासारखा बांधायचा, घट्ट नाही, हलणार नाही एवढाच. दोरीनं आवळायचं नाही, ब्लेड मारायचं नाही, तोंडानं ओढायचं नाही. अंगठी, जोडवी, बांगड्या आधी काढा. सूज आली की त्या कापाव्या लागतात. रुग्णाला चालवू नका, पळवू तर नकाच. सुरुवातीलाच ८ ते १० कुप्या लागतात, म्हणून गाडी निघताना दुसऱ्यानं दवाखान्यात फोन करायचा आणि एकच विचारायचं, दहा कुप्या आहेत का? नसतील तर त्या दवाखान्याच्या दारात वेळ घालवण्यापेक्षा जिथे आहेत तिकडे वळायचं. मण्यारीचं आणखी एक. ती रात्री, जमिनीवर झोपलेल्याला चावते, दुखत फारसं नाही. पहाटे पोट दुखतं, पापण्या जड होतात, आणि घरचे म्हणतात, झोप झाली नाही वाटतं.

तिसरं आपलं कडबाकुट्टी आणि मळणी यंत्र. ज्वारी निघाली की बोटं जातात. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाची घडी जखमेवर दाबून धरायची, आणि दाब दवाखान्यापर्यंत काढायचा नाही. दर दोन मिनिटांनी उचलून बघायची सवय सोडा. हात कोपरापासून गेला आणि दाबूनही रक्त थांबत नसेल तरच वर रुंद पट्टी आवळा आणि वेळ लिहून ठेवा. तुटलेलं बोट ओल्या स्वच्छ फडक्यात, ते प्लॅस्टिकच्या पिशवीत, आणि ती पिशवी बर्फात. बोट थेट बर्फात नको. आणि जखमेत आपल्या घरचा कापूस कोंबू नका. आपण कापूस पिकवणारे. आपल्याला ठाऊक हवं की कच्च्या कापसाच्या धाग्यावर मेण असतं, तो रक्त शोषत नाही, वर सरकी-कचऱ्यासकट चिकटून बसतो. दवाखान्यातला कापूस उकळून, विरंजन करून शोषणारा केलेला असतो. आपल्याकडून जातो त्या भावात आणि औषधाच्या दुकानातून येतो त्या भावात काय फरक पडतो, त्यावर मी आज बोलणार नाही असं सुरुवातीलाच म्हटलं आहे.

बाळंतिणीचं मी फार सांगत नाही. ते आशाताईंना माझ्यापेक्षा जास्त कळतं. प्लॅस्टिकचं स्वच्छ कापड, नवं ब्लेड, उकळलेला दोरा, बाळाला गुंडाळायला दोन मऊ फडकी पेटीत असू द्या, आणि आशाताई गाडीत असू द्या.

काही गोष्टी पेटीत नकोत. सलाईन नको, इंजेक्शन नको. ऑक्सिजनची टाकी नको. उन्हात तापलेल्या, ग्रीस-डिझेल माखलेल्या, खड्ड्यात उडणाऱ्या गाडीत ती टाकी म्हणजे धोका. यंत्र एकच घ्या, हातानं दाबून श्वास द्यायची रबरी पिशवी, अंबू बॅग. आणि तीही गावातल्या दोघांनी डॉक्टरसमोर बसून शिकून घेतली असेल तरच. मण्यारीनं श्वास थांबलेला माणूस त्या पिशवीवर दवाखान्यापर्यंत जाऊ शकतो. औषध पोटात गेलेल्याला तोंडानं श्वास देणं देणाऱ्यालाच बाधू शकतं, तिथेही तीच कामाची. भोंगा नको, फिरता दिवा नको. तो अधिकार आपल्याला नाही. मागे-पुढे लावायला एक पांढरं कापड आणि रात्री दोन चांगल्या बॅटऱ्या पुरे.

ड्रायव्हर दोन, चावीची जागा एक. मालक लग्नाला गेला आणि चावी त्याच्या खिशात, असं झालं तर वरचं सगळं वाया. पावसाळ्यात टाकी अर्ध्याच्या खाली जाऊ द्यायची नाही. डिझेल गावानं घालायचं, दर घरटी थोडं. रुग्णाकडून भाडं घ्यायचं नाही, त्या दिवशी तर नाहीच. विमा चालू हवा. पोलिसांचा आणि कोर्टाचा त्रास होईल म्हणून लोक हात लावायला भितात, त्यांना सांगा, रस्त्यावरच्या अपघातात जखमी झालेल्याला चांगल्या हेतूनं मदत करणाऱ्यावर दिवाणी-फौजदारी जबाबदारी येत नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनं कलम १३४-अ आलं आहे. नाव सांगायचीही सक्ती नाही. आणि डोंगरात रेंज कुठल्या टेकडीवर, कुठल्या झाडाखाली मिळते, ते ठिकाण पोरांना दाखवून ठेवा.

आता तुमच्या मनातला प्रश्न. हे सरकारचं काम, आपण का करायचं? रस्ता सरकारनं करायचा, गाडी सरकारनं द्यायची, आपण कर भरतो, काड्यापेटीपासून डिझेलपर्यंत सगळ्यावर भरतो. बरोबर आहे, आणि तो हक्क एक इंचही सोडायचा नाही. म्हणूनच गाडीत एक वही ठेवायची. फोन किती वाजता आला, गाडी किती वाजता निघाली, कुठे फसली, फरशीवर किती वेळ थांबावं लागलं, १०८ फाट्यावर कधी आली, दवाखान्यात किती वाजता पोचलो, औषध होतं की नव्हतं. रुग्णाचं नाव नको, गावाचं आणि वेळांचं पुरे. एका पावसाळ्याची अशी वही बारा गावांतून गोळा झाली तर कलेक्टर कचेरीत निवेदन देताना आपल्याला ओरडावं लागणार नाही. अमुक फरशीवर चार वेळा गाडी थांबली आणि एकूण इतके तास गेले, एवढं वाचून दाखवायचं. आजवर आपण ‘रस्ता खराब आहे’ म्हणत आलो, आणि ‘पाहू’ हे उत्तर ऐकत आलो.

पुढच्या बैठकीला प्रत्येक गावानं गाडी कुणाची, दुसरा ड्रायव्हर कोण आणि १०८ ला भेटायचा फाटा कुठला, हे लिहून आणायचं. बाकीचं सामान हळूहळू जमेल, पण फळ्या आणि पाण्याची कॅन मृगाच्या आत.

बाहेर लिंबाखाली एक क्रूझर उभी आहे, डावीकडचं बाक काढलेलं आहे. जेवणाआधी चौघांनी या, स्ट्रेचर उचलून बघा. एकानं आडवं व्हायचं. उंच माणूस हवा, सहा फुटी असेल तर फार बरं. पाय मागच्या दारात अडकतात का ते तिथेच कळेल.